रांगोळीची वही आणि कोपऱ्यातले आकडे

उंबरठा:

फाल्गुन संपत आला म्हणून परवा माळा आवरायला काढला. पितळेच्या भांड्यांच्या पोत्याखाली एक वही निघाली. पुठ्ठा गेलेला, कडा कुरतडलेल्या, पण आतली पानं शाबूत. गणिताची असते तशी चौकटींची. सासूबाईंची रांगोळीची वही! वाईचा वाडा पाडला तेव्हा सामानाबरोबर आमच्याकडे ठाण्याला आली असणार आणि तेव्हापासून तिथेच पडून राहिली.

मी रोज सकाळी दूध तापायला ठेवते आणि तेवढ्या वेळात दारात पाच ते तीन ठिपक्यांची (मधली ओळ पाचाची, वर-खाली कमी होत तीनवर) छोटीशी रांगोळी काढते. दिवसातली तेवढी चार-पाच मिनिटं माझी एकटीची. त्यामुळे वही उघडली आणि शिडीवरच बसून राहिले, उन्हं कलली तरी खाली उतरावंसं वाटेना.

आता अडलंय ते सांगते. वहीत सरळ ठिपक्यांच्या रांगोळ्या पूर्ण काढलेल्या आहेत. पण चार पानं वेगळी आहेत. त्यांवर ठिपके सगळे दिलेत, रेषा मात्र एवढ्याशा भागातच, पोळीचा एक तुकडा तोडावा तेवढ्या. बाकी पान कोरं. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक आकडा आहे:

९ ते ५ च्या पानावर १०
११ ते ६ च्या पानावर १५
१३ ते ७ च्या पानावर २१
१५ ते ८ च्या पानावर २८

पैकी १३ ते ७ ची मला फार आवडली आहे, फोटो सोबत टाकलाय. काढलेल्या तुकड्यात एक राघू आहे, चोच उजवीकडे, शेपटीची टोकं दोन ठिपक्यांवर अलगद टेकलेली. ती पुरी करायची आहे. सासूबाई थोरल्या दिरांकडे वाईला असतात. वय ८३, ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर बोलणं होत नाही. पाडव्याला जाणार आहोत तेव्हा वही दाखवीनच, पण तोवर राहवत नाहीये. हे आकडे कसले असतील? आणि रांगोळ्या अशा अर्ध्यावर का सोडल्या असतील?

रानजाई:

काय सुंदर राघू आहे! आमच्या आईचीही अशी वही होती, भाचीच्या लग्नात कुणीतरी बघायला म्हणून नेली ती परत आली नाही. तुम्ही या वहीचं पान न् पान स्कॅन करून ठेवा, आजच.

आकड्यांचं माहीत नाही. पण अर्धवट सोडलेल्या वाटत नाहीत. ज्या हाताने ठिपके इतके एका रेषेत दिलेत, तो हात चार-चार रांगोळ्या अर्ध्यावर टाकून उठणार नाही.

सोनटक्का:

मला वाटतं हे आकडे धार्मिक असावेत. १० दिशा, १५ तिथी, २१ दूर्वा, आणि अभिजित धरलं तर २८ नक्षत्रं. चारही बसतात बघा. कुठल्या व्रताला कुठली रांगोळी काढायची त्याची ती खूण असेल. चातुर्मासात ३३ गोपद्मं काढायची पद्धत आहेच की, तसंच काहीतरी.

उंबरठा:

सोनटक्का, वाचून अंगावर काटा आला. हेच असणार!

पाढे_पाठ:

मी निवृत्त शिक्षक आहे, सांगलीकडच्या शाळांत ३४ वर्षं गणित शिकवलं. सोनटक्का यांची जुळणी देखणी आहे, पण माझं मन दुसरीकडे धावलं. काल रात्री कागद घेऊन बसलो.

तुमच्या चारही पानांवरच्या जोड्या बघा. ९-५, ११-६, १३-७, १५-८. शेवटच्या ओळीची दुप्पट करून एक वजा केला की मधली ओळ मिळते. घरोघरच्या बायका या जोड्या पाठ म्हणतात, पण त्या तशाच का, हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. १३ ते ७ मध्ये मधली ओळ १३ ची. वर आणि खाली एकेक ठिपका कमी होत ७ वर थांबायचं, ठिपका मागच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध द्यायचा. असं केलं की जो षटकोन होतो त्याची प्रत्येक बाजू बरोबर ७ ठिपक्यांची भरते. ७ च्या ऐवजी ५ वर थांबलात तर दोन बाजू ५ च्या आणि चार ९ च्या होतील, आकार लांबुळका होईल.

आता मधल्या ठिपक्यापासून बाहेर निघा. मधे १. त्याच्याभोवती ६. त्याभोवती १२, मग १८, २४, ३०, ३६. एकूण १२७. मधला बाजूला ठेवला तर १२६. त्याचे सहा सारखे वाटे केले तर प्रत्येक वाट्याला २१.

उरलेली पानंही तपासली. ९ ते ५ मध्ये ६१ ठिपके, मधला वगळून ६०, सहावा हिस्सा १०. ११ ते ६ मध्ये ९१, म्हणजे १५. १५ ते ८ मध्ये १६९, म्हणजे २८. कोपऱ्यातला आकडा एका पाकळीतल्या ठिपक्यांचा आहे. मोजताना पाकळीच्या एकाच कडेची आरी धरायची, दुसऱ्या कडेची शेजारच्या पाकळीला जाते. मग आतून बाहेर १, २, ३, ४, ५, ६ असे ठिपके येतात, बेरीज २१.

तेव्हा तुमच्या सासूबाईंनी काही अर्धवट सोडलेलं नाही. सहाव्या हिश्शात सगळी रांगोळी आहे, बाकी नुसतं फिरवायचं.

नमस्कार करावासा वाटला त्या वहीला.

रानजाई:

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग वही घेऊन ठिपके दिले आणि मोजले. १२७ च भरले. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

निळू_७:

मुलीला (वय ७) हे कसं सांगावं कळेना, म्हणून रुपयाची नाणी घेतली. एक नाणं मधे ठेवलं आणि म्हटलं, याला चिकटून भोवती किती बसतात ते बघ. सहा. फटही नाही आणि दाटीही नाही. पाचाच्या नाण्यांचंही तसंच, सगळी सारखी असली की झालं. तिने मग घरातल्या बांगड्या, बाटल्यांची झाकणं, शेवटी पुऱ्यासुद्धा लावून बघितल्या. पुऱ्या सारख्या नसल्याने बसल्या नाहीत, तर आजीला सांगून आली की पुऱ्या एका मापाच्या लाट.

टाका_दोन_टाके:

मी क्रोशा विणते, आणि पाढे_पाठ सरांचे आकडे वाचून सुई हातातच राहिली. ६, १२, १८, २४, ३०, ३६. हे तर माझ्या रुमालाचे आकडे आहेत!

मुक्या खांबाचा (हा क्रोशातला बुटका टाका) सपाट गोल विणायचा तर सुरुवात ६ ने करायची आणि दर फेरीला ६ टाके वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. मला हे मावशीने शिकवलं, का ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाढवायचे टाके दर फेरीला एकावर एक आणले की गोलाचा आपोआप षटकोन होतो. म्हणजे मी १५ वर्षं दोऱ्याने ठिपक्यांची रांगोळीच काढत होते.

उंबरठा, परवानगी असेल तर तो राघू विणून बघू? एक पाकळी, २१ ठिपके, आलेखाच्या कागदावर उतरवून घेते.

उंबरठा:

अहो, परवानगी कसली, आनंदाने विणा. जमलं की फोटो मात्र इथे टाका.

भाताचं_शेत:

थोडं विषयाबाहेर, पण रांगोळीचा धागा आणि रांगोळीबद्दलच कुणी बोललं नाही, म्हणून. घाटावर शिरगोळ्याची (पांढऱ्या मऊ दगडाची) पूड वापरतात, ती जड असते, चिमटीतून सरसर सुटते. आमच्या राजापुराकडे आजी भाताचं तूस जाळायची. आधी काळी राख होते, ती तशीच धुमसू दिली की हळूहळू पांढरी पडते. ती चाळून डबा भरून ठेवायची. वजनाला अगदी हलकी, वाऱ्याच्या झुळकीने उडायची. त्यामुळे शेणाचा सडा अंगणात पुरता वाळायच्या आत, ओल असतानाच रांगोळी घालावी लागे. शिरगोळ्याची पहिल्यांदा वापरली तेव्हा हातात वाळू घेतल्यासारखं वाटलं होतं.

आणि खाकी कागद आठवतो का कुणाला? उदबत्तीने भोकं पाडलेला. तो पसरायचा, वरून मूठभर रांगोळी फिरवायची आणि कागद अलगद उचलायचा. खाली सगळे ठिपके तयार. कागद उचलताना आम्ही पोरं श्वास धरून बघायचो.

सोनटक्का:

हो! आणि त्या कागदाला वर्षभर उदबत्तीचा वास यायचा.

(पाढे_पाठ सर, माझी नक्षत्रं गेली, पण तुमची पाकळी मनापासून पटली.)

कावेरीकाठ:

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण दारात कोलम. तुमच्याकडे ठिपके जोडतात, आमच्याकडे रेषा ठिपक्यांना वळसे घालत जाते, कुठल्याच ठिपक्याला शिवत नाही. तांदळाच्या पिठाने घालतात, मुंग्या आणि चिमण्या दुपारपर्यंत अर्धा खाऊन टाकतात आणि ते चांगलंच मानतात.

गणिताचं निघालं आहे म्हणून सांगते. ओळीत सरळ ठिपके द्या, समजा ४ ओळी आणि प्रत्येकीत ५. आता एका कोपऱ्यातून निघून दर दोन शेजारी ठिपक्यांच्या मधून तिरपं जायचं, कडेला आलं की वळायचं. सगळ्या ठिपक्यांना वळसा पडून रेषा सुरुवातीला येऊन मिळते, एकच रेषा. पण ४ ओळी ४ ठिपके घ्या, मग एका रेषेत ते होत नाही, चार वेगळी वेटोळी लागतात. ६ ओळी ४ ठिपके घेतले तर दोन. आईला हे हातानेच माहीत आहे. ती म्हणते, “चौरस घेऊ नको, रेघ तुटते.”

मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात कोलमचा गणिताच्या अंगाने अभ्यास केला होता, संगणकाच्या भाषांचं व्याकरण लावून. दारात वाकलेल्या बायकांकडे कुणीतरी इतक्या आदराने पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाढे_पाठ:

४ आणि ५ ला १. ४ आणि ४ ला ४. ६ आणि ४ ला २. ताई, हा तर मसावि! महत्तम सामाईक विभाजक. सहावीत शिकवायचो तेव्हा फळ्यावर भागाकाराच्या शिड्या काढून पोरांना कंटाळा आणला मी. हे आधी ठाऊक असतं तर वर्गातून बाहेर नेऊन पटांगणात काढायला लावलं असतं.

रानजाई:

१३ ते ७ पुरी करायला बसले आणि एका जागी अडले. सरांनी म्हटलं तशी पाकळी फिरवत गेले तर सहाही राघू एकाच दिशेला तोंड करतात, एकामागे एक उडाल्यासारखे. पण आरशात धरल्यासारखी एकाआड एक उलटी केली तर राघूंच्या तीन जोड्या होतात, चोचीला चोच. पाकळ्या सम असल्याने दोन्ही तऱ्हा नीट जुळतात. वहीतली कुठली असेल?

टाका_दोन_टाके:

चोचीला चोच. राघू-मैना.

निळू_७:

मुलगी म्हणते, एकामागे एक.

पाढे_पाठ:

इथे गणित काही सांगू शकत नाही. काढणारीलाच विचारायला हवं.

उंबरठा:

वाईहून परत आले. चार दिवस झाले, पण लिहायला बसवत नव्हतं, नीट लिहायचं होतं.

पाडव्याच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, वही सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, आणि १३ ते ७ च्या पानावर थांबल्या. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, “आई, एवढीच का काढली?” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, माझ्या वाटची एवढीच होती.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. वाड्यात सहा बिऱ्हाडं. त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर दिवे लावून झाले की वाड्याच्या चौकात एकच मोठी रांगोळी असायची. ठिपके सासूबाई द्यायच्या, कागदावर मोजून आणि मग चौकात वीतभर अंतराने. एकेका बिऱ्हाडाला एकेक पाकळी. प्रत्येकीने आपली पाकळी काढायची आणि तिच्यातल्या दर ठिपक्यावर घरची एक पणती ठेवायची. २१ म्हणजे त्या वर्षी प्रत्येक घराने आणायच्या पणत्या! मधली पणती कुणाचीच नाही. ती तुळशीपुढची, ती आधी लावायची आणि तिच्यावरून बाकीच्या १२६ लावायच्या.

मी लिहिलं, “मग कधी १०, कधी २८, असं का?”

“तेल बघून,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना झेपेल एवढंच ठरवायचं. बहात्तरला दुष्काळ पडला तेव्हा नऊ ते पाचवर आलो. त्यातही दोघींना दहा जमणार नव्हत्या. मग आम्ही दोन पाकळ्यांत पणत्या उसन्या ठेवल्या, कुणाच्या ते कुणाला कळलं नाही.”

थोरल्या जाऊबाई तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहतात, त्यांनाही हे माहीत नव्हतं.

राघूंचंही विचारलं. दोन्ही तऱ्हा काढून दाखवल्या. चोचीला चोच बघून त्यांनी मान हलवली. “भोंडल्याला फेर धरतात तेव्हा कुणी उलटं तोंड करतं का? सगळ्या एका दिशेनं.” मग म्हणाल्या, रांगोळी आण. खाली बसवत नाही त्यांना, म्हणून पाट स्टुलावर ठेवला. हात कापत होता. पण चिमूट सुटली तशी रेषा सरळ आली, राघूची पाठ एका दमात. चोच काढताना मात्र माझा हात धरून काढली.

तृतीयेला जाऊबाईंनी चैत्रगौर पाळण्यात बसवली, पुढे चैत्रांगण काढलं. सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, फणी-करंडा सगळं. त्यात या वर्षी एक राघूही आहे.

पाढे_पाठ:

सहा सारखे वाटे का केले असतील, याचा मी विचारच केला नव्हता. मी नुसता भागाकार केला. आपल्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

कावेरीकाठ:

आईला वाचून दाखवलं. तिने १९७२ चं दोनदा वाचायला लावलं.

भाताचं_शेत:

“कुणाच्या ते कुणाला कळलं नाही.” इथे थांबलो. आज पुढे काही लिहीत नाही.

टाका_दोन_टाके:

सहा राघू पुरे झाले, एकाच दिशेचे केले. जोड्या विणल्या होत्या त्या उसवल्या. फोटो खाली.

उंबरठा:

हा धागा सात महिन्यांनी वर काढतेय. काल त्रिपुरी पौर्णिमा होती.

सासूबाई दिवाळीला आल्या त्या आमच्याकडेच थांबल्या आहेत. आमच्या मजल्याची मोकळी जागा केवढीशी, लिफ्ट आणि जिना सोडून जेमतेम सहा फूट. १३ ते ७ शक्यच नव्हती. म्हणून पाच ते तीन घेतली, माझी रोजचीच. १९ ठिपके. मधला सोडला की प्रत्येक पाकळीला ३.

मजल्यावर घरं चार आणि पाकळ्या सहा. पाचवी वॉचमनकाकांच्या लेकीने घेतली, सहावी वरच्या मजल्यावरच्या दोन भावांनी मिळून. एका घरात नुकतंच सुतक फिटलंय. त्या काकू आधी दारातून बघत होत्या. मग आतून तीन पणत्या घेऊन आल्या आणि बसल्या. त्यांच्या दारात महिनाभर रांगोळी नव्हती. त्यांची पाकळी सगळ्यांत सुबक झाली.

मधली पणती सासूबाईंनी लावली, आमच्या खिडकीतल्या तुळशीपुढून आणून. जिन्यातून वारा येत होता, दोन-तीन पणत्या विझल्या, पोरांनी शेजारच्या पाकळीवरून परत लावल्या.

रात्री झोपायच्या आधी त्यांनी वही मागून घेतली. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर ‘५ ते ३’ लिहिलं, १९ ठिपके दिले, एका पाकळीत एक पान काढलं आणि कोपऱ्यात ३ चा आकडा घातला.